बोळातल्या उंच गाड्या

मच्छिंद्र गाडी उंच करून घेऊन आला त्या दिवशी आमचं घर वीतभर खाली गेलं. भिंतीला चीर पडली नाही, मांडणीवरचं एक भांडं वाजलं नाही. मी ओट्यावर पाय सोडून शेंगा निवडत बसले होते. लोंबणारे पाय जमिनीला टेकले, एवढंच. सून आतून म्हणाली, "आत्या, काय झालं वो?" मी म्हटलं, "काय नाय. घर बसलं. तू भाकरी बघ."

मच्छिंद्र माझा एकुलता एक मुलगा. गाडी म्हणजे आमची पिकअप, टोमॅटोचे क्रेट बाजाराला न्यायला घेतलेली. तोवर ती शहाण्यासारखी जमिनीलगत उभी राहायची. मागचा फाळका पाडला की रोहिणी, माझी सून, एकटी क्रेट सरकवायची. आता मिस्त्रीनं चाकांवरच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घातले होते, चाकं थोरली बसवली होती, आणि फाळका माझ्या कपाळाच्या वर गेला होता. मच्छिंद्र दार उघडून उडी मारून उतरला. त्यानं घराकडं बघितलं. घर खाली गेलेलं त्याला दिसलं. नव्या शर्टावरचा डाग माणूस जसा हातानं झाकतो, तसा तो घराकडं पाठ करून उभा राहिला.

"क्रेट कसं चढवायचं आता?" मी विचारलं. "शिडी लावून?"

"क्रेट भाड्याच्या गाडीनं धाडू."

"आन ही?"

"ही आपल्याला फिराया."

"कुठं फिरायचंय तुला? घरापासून बाजारापर्यंत शिमिटाचा रस्ता हाय. त्याच्यावर दूध सांडलं तर पुन्हा भांड्यात भरून घ्यावं."

"खड्डं लागत नाय, आये."

"खड्डा दाव मला. एक दाव."

"वढ्याला पाणी आलं तर..."

"वढा मपल्या लग्नापासून कोरडा हाय."

त्यानं मान खाजवली. मग गाडीच्या दारावरून हात फिरवत हळूच म्हणाला, "वर बसलं का बरं वाटतं."

खरं बोलणं मला लगेच कळतं. मी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि म्हटलं, "चढव मला."

पाट, पाटावर डबा, डब्यावर मी, असं करून त्यांनी मला वर बसवलं. रोहिणीनं मागून रेटलं. वरून गाव वेगळंच दिसतं. माणसांना तोंडं नसतात, नुसते भांग असतात. ज्या माणसानं ग्रामपंचायतीत मला उभं ठेवून बोलणं केलं होतं, त्याच्या टाळूवर वाटीएवढं टक्कल होतं. ते त्याला स्वतःलाही ठाऊक नसेल. आमच्या समोर माझ्या धाकट्या दिराचं घर. दीर गेले, माझा नवराही गेला. तिथं आता माझी जाऊ यमुना आणि तिचा मुलगा बाळशीराम. यमुना सडा टाकत होती. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. ती माझ्याहून चार बोटं उंच आहे आणि एवढ्या संसारात तिनं ते मला एकदाही विसरू दिलेलं नाही.

"बाई, पडाल," यमुना म्हणाली.

"मी नाय पडत. तू पाण्याकडं बघ, मपल्या दारात आलंय."

आणि बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

बाळशीरामाकडंही तसलीच पिकअप होती. चार दिवसांत त्यानं ती वर घेतली. त्यांचं घर वीतभर आणि वर चार बोटं खाली गेलं. सकाळी यमुना दारातून बाहेर आली तेव्हा अंगणात पाऊल टाकायला तिला खाली उतरावं लागलं नाही, वर चढावं लागलं. मी हसले. बोळाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं हसले. संध्याकाळी दोन्ही गाड्या बोळाबाहेर शेजारी उभ्या होत्या तेव्हा माझं हसू गेलं. आमच्या गाडीचा टप त्याच्या गाडीच्या काचेला लागत होता.

रात्री जेवायला बसल्यावर मी मच्छिंद्रला म्हटलं, "भाकरी वाढू?"

"नको."

"बाळशीरामाच्या गाडीचा टप बघितला का?"

"बघितला."

"मग पहिली तरी कशी गेली घशाखाली?"

रोहिणी म्हणाली, "जेऊ द्या की त्यांना, आत्या."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मिस्त्रीकडं गेला. तो परत यायच्या आत घर खाली गेलं. त्यावरून आम्हाला कळलं की काम झालं. आता दाराची वरची चौकट माझ्या कपाळाला लागायला लागली. मी वाकले नाही. या घरात मी एकदाच वाकले, माप ओलांडताना, तेही माप कुठं ठेवलंय ते दिसावं म्हणून. मी गुडघे मोडले, मान ताठ ठेवली आणि कोंबडीसारखी आत गेले. रोहिणी पदर तोंडाला लावून हसली. ती नुसती वाकून आत यायची. तिला त्यात काही वाटत नव्हतं. त्या पोरीला कशाचंच काही वाटत नाही, असं मी तेव्हा समजत होते.

मग बाळशीराम. मग मच्छिंद्र. मग पुन्हा बाळशीराम. आमची दारं खिडक्यांएवढी झाली आणि खिडक्या कोनाड्यांएवढ्या. गावात कुणी नवल केलं नाही. वरच्या आळीला आणखी कुणाकुणाची घरं बसायला लागली होती असं कानावर आलं. सकाळी बायका एकमेकींना विचारायच्या, "तुमचं कुठवर आलं?" आणि कंबरेला नाहीतर छातीला हात लावून दाखवायच्या. पोरं मात्र एकच विचारायची: मिस्त्री कोण?

साखर संपली त्या दिवशीची गोष्ट.

दुकान बोळाच्या तोंडाशी आहे. माणूस तंबाखू मळत निघाला तर ती तोंडात टाकायच्या आत पोचतो. मच्छिंद्र शिडी लावून गाडीत चढला, साखर आणायला गेला. दुकानदारानं पुडा काठीला बांधून वर दिला म्हणे. तो परत येत होता, आणि त्याच वेळी बाळशीराम दाढी करायला निघाला होता. दोन्ही घरांच्या मधोमध, बोळात, गाड्या समोरासमोर आल्या. नाकाला नाक.

बोळ एका गाडीपुरता आहे. पूर्वी याच बोळात बैलगाड्या समोरासमोर यायच्या. बैल मागं चालत नाहीत. तेव्हा धाकट्या घरानं जू सोडायचं, बैल बाजूला बांधायचे आणि गाडी हातानं मागं ओढून वाट द्यायची. माझ्या दिरानं ते मरेपर्यंत केलं. एकदा तापात होता तरी केलं. पण पोरांच्या वेळी गोष्ट उलटी झाली. यमुनेला मुलगा आधी झाला, मला मागून. म्हणजे घर माझं थोरलं आणि मुलगा तिचा थोरला. अशा वेळी कुणी मागं सरायचं, हे सांगायला जुनं माणूस कुणी उरलेलं नव्हतं. गाड्यांना मागं जायचा गिअर होता, पण दोघांपैकी कुणाचा हात त्याच्यावर गेला नाही.

बाळशीरामानं काच खाली केली. "मच्छ्या, घे मागं. मी मोठा हाय तुज्यापरीस."

"वयानं असशील. घर कुणाचं थोरलं?"

"घरं दोन्ही बुडाल्यात. थोरलं कुठलं ते मोजाया खाली उतर."

"तू उतर."

"तू उतर की."

कुणी उतरलं नाही. मी दारातून सरपटत बाहेर आले. पलीकडून यमुना आली, गुडघ्याला माती लागलेली. मला बघून तिनं माती झटकली.

"बाळ्या," ती वर बघत ओरडली, "मागं घेतलीस तर मपलं दूध इसर."

मग मला बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "मच्छिंद्रा, गाडी एक पाऊल मागं गेली तर या घरात पाय ठेवू नको."

एवढंच वाक्य. तोंडातून निघताना त्याला काही वजन लागलं नाही. रोहिणी दाराच्या भोकातून डोकं काढून बघत होती. ती म्हणाली, "आत्या, चहाचं आधण ठेवलंय. साखर..." मी म्हटलं, "थांब."

गाड्या तिथंच उभ्या राहिल्या. आता मिस्त्रीची गरज राहिली नाही. दुपारपर्यंत दोन्ही गाड्या आपल्या आपण वर चढायला लागल्या. चाकं होती तिथं, होती तेवढीच राहिली. वाढत होते ते मधले पाटे आणि नळ्या, बगळ्याच्या पायासारखे. एक वर गेली की दुसरी वर जायची, मग पुन्हा पहिली. आणि त्या हिशेबानं आमची घरं खाली. संध्याकाळी घराची वरची स्लॅब बोळाच्या बरोबरीला आली. मी जिन्यानं वर येऊन स्लॅबवर खुर्ची टाकून बसले. तिथं कुठं वाकावं लागत नव्हतं.

आम्ही तो चहा बिनसाखरेचा प्यायलो.

जेवण बादलीनं जायचं, पलीकडं यमुनेचंही. विहिरीचा दोर बादलीला बांधला. दोराच्या दुसऱ्या टोकाला दगड बांधून मच्छिंद्रकडं फेकला. त्यानं तो पकडला आणि बादली ओढून घेतली. पुढं विहिरीचा दोर पुरेना, त्याला गाईचं दावं जोडलं, मग पाळण्याच्या दोऱ्या, मग माझं जुनं लुगडं फाडून त्याचे पीळ. बादली रिकामी खाली यायची. नाहीतर तिच्यात धुवायचे कपडे असायचे. रोहिणी ते धुवायची, वाळवून पुन्हा पाठवायची.

"आये, इथनं धरणाचं पाणी दिसतं," पहिल्या दिवशी तो ओरडला.

"बाळशीराम काय करतोय?"

"मला बघतोय."

"तू नको बघू त्याला."

"मग काय बघू?"

मी म्हटलं, "जेव."

त्याचा आवाज हळूहळू उशिरा यायला लागला. सकाळी मी विचारायची, "झोप लागली का?" आणि "लागली" हे दुपारी स्लॅबवर येऊन पडायचं, मी दुसऱ्याच कशात असताना. कधी दोन उत्तरं एकदम यायची आणि कुठलं कशाचं ते लावत बसावं लागायचं. एकदा भर उन्हात वरून "कटाळा आलाय" असं आलं. त्याला मी काय विचारलं होतं ते मला आठवेना. मग लक्षात आलं, मी काहीच विचारलं नव्हतं.

स्लॅब बोळाच्या बरोबरीला येऊन थांबली, पण घर थांबलं नाही. ते खाली जातच राहिलं आणि जिना लांबत गेला. रोहिणी स्वयंपाक करून वर यायची तर भाकरी गार व्हायची. नंतर नंतर ती वर येईना. तिनंही बादली मागितली. म्हणजे मी मधे बसले: एका बादलीतून भाकरी घ्यायची आणि दुसऱ्या बादलीत घालायची. खाली वाकून "चटणी संपली गं," असं सांगितलं तर "वाटते" हे दिवेलागणीला यायचं. सुनेचा आवाज खालून उशिरा आणि मुलाचा वरून उशिरा. मी बरोबर मधे, खुर्चीत, मान ताठ.

एकदा ती स्वतः वर आली. दम लागलेला, केस मोकळे. तिच्या हातात शर्ट होता.

"आत्या, हे बघा."

"मच्छिंद्राचा हाय. बघितलाय मी."

"माप बघा."

मी शर्ट हातात घेतला. निळ्या चौकटीचा, खिशावर शाईचा डाग. त्याचाच. पण तो शाळेत जाणाऱ्या पोराला बसला असता.

"पाण्यानं आटला," मी म्हटलं.

"गेल्या खेपेला आटला, तेव्हा मीपण असंच म्हटलं. गुंड्यासुद्धा आटल्यात, आत्या. गुंड्या कधी आटत्यात का?"

मी गुंड्या बघितल्या. मुगाएवढ्या होत्या, चार भोकं नीट पाडलेली.

"भाकरी परत येतीया," ती म्हणाली. "आधी चतकोर उरायची. काल सगळी आली. कडंला चिमणीनं चोच मारल्यागत एवढंसंच खाल्लंय. तुम्ही म्हणा त्यांना मागं घ्यायला. तुमच्या शब्दावर बसल्यात ते वर."

"माझ्या शब्दावर? आन यमुनेच्या शब्दावर तो नाय बसला? ती म्हणंल आधी."

"कुणी का म्हणंना."

"कुणी का म्हणंना कसं? तू कालची आलीस. मी या घरात..."

"कुठल्या घरात?" रोहिणी म्हणाली.

तिनं हे भांडायला म्हटलं नव्हतं. ती खरंच विचारत होती. तिनं शर्ट माझ्या मांडीवर ठेवला आणि जिना उतरायला लागली. तिची पावलं मी ऐकत राहिले. पावलं संपली नाहीत, नुसती बारीक होत गेली.

लांबची वस्तू लहान दिसते एवढं मला शाळेत न जाता कळतं. वर बघितलं की गाडी लहान दिसायची, मच्छिंद्रचा हात लहान दिसायचा, त्याचं मी मनावर घेतलं नव्हतं. पण शर्ट माझ्या मांडीवर होता. तो लांब नव्हता.

मी तो दोरीवर वाळत घातला. पुढच्या खेपेला आला तो झबल्याएवढा. त्याच्या पुढच्या खेपेला मी बादलीत हात घातला तर मला वाटलं, बादली रिकामीच आहे. तळाशी काहीतरी चिकटलं होतं. निळं. मी ते दोन बोटांत धरून उलगडलं. ते वाळत घालायला चिमटा नको होता. मी ते तळहातावर घेऊन फुंकर घालून वाळवलं. शाईचा डाग मला दिसेना, पण खिसा होता.

तेव्हा मी म्हणायला हवं होतं. तिथंच, तळहात पुढं धरलेला असताना. तोंड उघडलंही होतं. आणि मग माझं लक्ष पलीकडं गेलं.

गाड्या एवढ्या वर गेल्या होत्या की खालून पलीकडचं सगळं दिसत होतं. यमुना तिच्या स्लॅबवर बसली होती. तीही तळहातावर फुंकर घालत होती. मला बघून तिनं मूठ मिटली. मीही मिटली.

मग मी म्हटलं, "काय गं, काय होतं हातात?"

"काय नाय. तुमच्या?"

"माझ्याबी काय नाय."

"मग मूठ कशाला आवळलीया?"

"माझी मूठ. मी आवळीन नायतर उघडीन."

ती उठली. तिच्या गुडघ्यांचा आवाज मला ऐकू आला. ती बोळ ओलांडून, गाड्यांच्या बारीक पायांमधून, माझ्या स्लॅबच्या कडेपर्यंत आली. किती दिवसांनी जवळून बघत होते तिला. उन्हानं काळी पडली होती. तिनं मूठ माझ्यासमोर उघडली. पिवळट ठिपका होता. नीट बघितल्यावर त्याला बाह्या दिसल्या.

"बाळूची बंडी," ती म्हणाली. "उद्याच्याला मला दिसायचीबी नाय, बाई. आधीच डोळं असलं."

मी माझी मूठ उघडली. ती वाकून बघायला लागली. यमुना वाकली, चार बोटं उंच असलेली, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. मला वाटत होतं की वाटेल.

"म्हण मग त्याला," मी म्हटलं. "मागं घे म्हण."

"मी एकटी? मी धाकटी म्हणून?"

"धाकटीच हायेस तू."

"आन मुलगा कुणाचा थोरला?"

"यमुने, मुलगा आता जोंधळ्याएवढाबी राहिला नसंल. त्यातलं थोरलं-धाकटं तू निवडत बस."

ती रडली नाही. तिनं नाक पुसलं. म्हणाली, "एकदम म्हणू."

"एकदम म्हणू," मी म्हटलं. "पण तू आधी सुरुवात कर."

"तुमी करा."

"बरं. तीन म्हटल्यावर."

"तीन कोण म्हणणार?"

खाली जिन्याच्या तोंडातून काहीतरी आलं. रोहिणीचा आवाज होता, कधी निघालेला कोण जाणे, विटलेल्या कापडासारखा. "आत्या, म्हणा ना." मला उत्तर द्यायचं होतं. पण मी उत्तर दिलं असतं तर ते तिला कधी पोचलं असतं? मी तीन म्हणायची वाट बघितली नाही.

"मच्छिंद्रा, मागं घे!"

"बाळू, मागं घे रं!" यमुना माझ्याबरोबरच ओरडली. मला वाटतं, मी अर्धा श्वास आधी होते. तिला वाटत असेल ती होती.

शब्द वर गेले. आम्ही त्यांना जाताना बघितलं. पहिल्यांदा ते दोन होते, मग एकमेकांत मिसळले, मग दिसेनासे झाले. गाड्यांचे पाय आता सुतळीएवढे दिसत होते आणि वर जाऊन दोन्ही गाड्यांचा एकच ठिपका झाला होता. कुठली आमची, कुठली तिची, ते मिस्त्रीलाही सांगता आलं नसतं.

"किती येळ लागंल?" यमुनेनं विचारलं.

"जायला तेवढा यायला."

"पाणी घ्याल का?"

"आण."

ती पाणी आणायला गेली नाही. तिच्या जिन्याच्या तळाशी पाणी होतं आणि तिथं जाऊन परत यायला दिवस गेला असता. आम्ही स्लॅबच्या कडेला पाय पसरून बसलो. पाय बोळाच्या सिमेंटला टेकलेले. ती म्हणाली, "बाळूला लहानपणी उंचीचं भ्या वाटायचं. झाडावर चढला का खाली बघून रडायचा." मी म्हटलं, "मच्छिंद्र नाय रडायचा. तो उतरवा म्हणायचा, पण असं म्हणायचा का जणू आपणच त्याला वर ठेवलंय." यमुना हसली. माझ्याच तोंडून निघालेलं वाक्य मला आत्ता नीट ऐकू आलं.

ऊन उतरलं. वरून आवाज आला नाही. बादल्यांचे दोर ढिले पडले, एकेक वेढा बोळात येऊन पडायला लागला: लुगड्याचे पीळ, पाळण्याच्या दोऱ्या, दावं. सगळ्यात शेवटी बादल्या आल्या, आणि त्या रिकाम्या होत्या. आम्ही दोघींनी दोन्ही बादल्यांच्या तळावरून बोटं फिरवली. बोटांना काही लागलं नाही.

"त्यांनी सोडलं," यमुना म्हणाली.

"मागं घ्यायला दोन्ही हात लागत असत्याल."

"व्हय," ती म्हणाली. "दोन्ही हात लागत्यात."

आणि मग तिनं माझा दंड धरला. तिनं माझा दंड धरल्याला किती काळ झाला असेल. ती वर बघत होती. मीही मान मागं टाकली. ठिपक्यातून एक ठिपका सुटला होता. तो खाली येत होता. सरळ येत नव्हता, वाऱ्यानं जरा या बाजूला, जरा त्या बाजूला. आवाज असावा, असं मला वाटलं, त्याचं उत्तर. पण आवाज असे दिसत नाहीत, येतात तेव्हा नुसते पडतात.

"चप्पल असंल," यमुना म्हणाली.

"चप्पल असंल," मी म्हटलं.

"कुणाच्या गाडीतनं?"

"मला काय ठावं."

मी पदर सोडला. तिनं तिचा सोडला. दोन्ही पदरांना गाठ मारली, घट्ट, दातांनी ओढून. ती बोळाच्या त्या कडेला गेली, मी या कडेला राहिले, आणि मधे लुगडं ताणून धरलं. ताण जास्त नको, कमी नको. ती म्हणाली, "बाई, जरा खाली घ्या तुमच्याकडनं." मी खाली घेतलं. खाली घ्यायला कंबरेत वाकावं लागलं. मान मात्र वरच ठेवावी लागली.

ते जवळ येत होतं. मोठं होत नव्हतं.